घोड्याचा केस आणि मांजराचं शिंग

आमच्या आईनं गावातल्या निम्म्या लोकांच्या चामखिळी पाडल्या होत्या. पद्धत साधी. शनिवारी सकाळी चामखिळीच्या बुडाशी घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायचा आणि आठवडाभर हात लावायचा नाही. ती काळी पडून आपोआप गळते. केस फलटणच्या स्टँडवरच्या टांग्याच्या घोड्याचा. त्या जनावराचं शेपूट आमच्या गावापायी विरळ झालं होतं. वडील फौजेतून सुट्टीवर आले की मानेवरच्या चामखिळीसाठी त्यांनाही ती मान खाली घालून बसवायची, आणि सीमेवर राहून आलेला तो माणूस तिच्यापुढं "आगं, हळू" म्हणायचा.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्याच मांजराला शिंग फुटलं.

मांजर पांढरं, दिवसभर कौलांवर उन्हात पसरलेलं. त्याला नाव नव्हतं. हाकेला यायचंच नाही, तर नाव कशाला वाया घालवायचं? त्याच्या उजव्या कानाच्या कडेला आधी खपली धरली, मग तिथून बोटाच्या पेराएवढं पिवळट, टणक, वाकडं शिंग आलं. बायका बघायला येऊ लागल्या. एकीनं तर हळदकुंकू वाहिलं. मांजर शिंकलं आणि निघून गेलं.

आईला मात्र घाम फुटला. जिनं गावाच्या चामखिळी पाडल्या तिच्याच घरात शिंगाचं मांजर हिंडतंय, म्हणजे अब्रूचा प्रश्न. तिनं त्याला पोत्यात गुंडाळून केस बांधला. शिंग पडलं, महिन्यात परत आलं. तीनदा पडलं, तीनदा आलं, आणि दर खेपेला बूड जास्त रुंद झालं.

मी तेव्हा साताऱ्याला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, म्हणजे मला जगातलं सगळं कळत होतं. सुट्टीत आले आणि म्हणाले, "आई, हे डॉक्टरला दाखव."

"घोड्याच्या केसानं जे झालं न्हाई, ते डाक्टर काय करनार?" असं म्हणत ती पुढच्या एसटीत माझ्याआधी चढली. मांजर पिशवीत, मुंडकं तेवढं बाहेर.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बैलांना अडकवायच्या लाकडी खोड्याकडं आणि आमच्या पिशवीकडं आळीपाळीनं बघितलं. पण माणूस चांगला होता. त्यांनी भिंग घेऊन शिंगाचं बूड बघितलं, बोटांनी चाचपलं.

"शिंगाचं काही नाही, मावशी. ते नखासारखंच असतं. त्याच्या बुडाशी काय आहे ते तपासायला लागतं. पांढऱ्या मांजरांना उन्हानं कानावर वाईट गाठ येते, कधी तिच्यावरच असं शिंग वाढतं. याला कुणी काही बांधलं होतं का?"

आई भिंतीवरचं जर्सी गाईचं चित्र न्याहाळू लागली. शेवटी तीच म्हणाली, "तीनदा बांधलं हुतं. मीच."

"वरचं पडलं, खालचं राहिलं," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नाहीत, त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

त्यांनी इंजेक्शन देऊन कानाची कड बुडासकट कापली आणि तुकडा औषधाच्या बाटलीत घालून तपासायला पाठवला. तीन आठवड्यांनी कान दाखवायला गेलो तेव्हा उत्तर आलं होतं. कॅन्सर होता, पण सगळा निघाला होता. मांजर वाचलं म्हणून मी खूश. आई जागची उठेना.

"डाक्टर, मानसालाबी असंच हुतं का?"

"होतं की."

परतीच्या एसटीतून गावात उतरली ती थेट थोरल्या चुलतीकडं, म्हणजे तिच्या जावेकडं गेली. चुलतीच्या गालावर, डोळ्याखाली, एक टणक चामखीळ होती. आईनं ती दोन वर्षांत चारदा पाडली होती आणि ती पाचव्यांदा आली होती. आई दिसताच केस बांधायला आली असं समजून चुलतीनं डोळे मिटून गाल पुढं केला.

"न्हाई, आक्का. उद्या साताऱ्याला जायाचं. मोठ्या दवाखान्यात."

"आगं, तुझ्या हाताला गुन हाय. बांध की."

"गुन न्हाई. चुकलं माजं."

साताऱ्याच्या डॉक्टरांनी बराच वेळ गाल बघितला. काढावं लागेल म्हणाले, उशीर केलात म्हणाले. मग बुडाभोवतीच्या वणावर बोट ठेवून विचारलं, "यावर काय बांधत होता? आणि कोण?"

"मीच बांधत हुते," चुलती पटकन म्हणाली. "मला खोडच हाय तशी."

दार सताड उघडं होतं आणि बाकावर आमच्या गावची दोन माणसं नंबरची वाट बघत बसली होती. आईनं त्यांच्याकडं बघितलं, पदर सारखा केला आणि त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आक्का खोटं बोलत्यात. बांधलं मी. गावात आजून कुनाकुनाला बांधलंय, त्यांस्नीबी घिऊन येते."