सुनेच्या लॅपटॉपचं विरजण

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. स्वयंपाकघराच्या दारामागे पिशवीत पिशव्या साठतात ना, तसे साठतात. एक ओढावी तर पाच बाहेर येतात! आमच्या एका लॅपटॉपचेच बघा.

तर आटपाट पुणं होतं. पुण्यात कर्वेनगर, कर्वेनगरात तिसरा मजला, तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी. ती मी. माझा लेक नितीन, त्याची कंपनी नुकतीच बंद पडलेली. माझी सून माधवी, तिनं सासऱ्यांच्या आजारपणात कॉम्प्युटरची चांगली नोकरी सोडलेली. आणि चौथा तिचा लॅपटॉप, लग्नाआधीचा, माहेराहून आलेला.

इतक्या वर्षांनी एका कंपनीनं माधवीला पुन्हा विचारलं. घरूनच परीक्षा, पास झाली तर घरूनच नोकरी. परीक्षा नोंदवलेल्याच लॅपटॉपवर द्यायची, दुसरा चालणार नाही. आणि आदल्या दिवशी दुपारी कळलं की त्यांचा प्रोग्राम नव्या सिस्टिमशिवाय उघडतच नाही! नवी टाकायला जावं तर लॅपटॉप म्हणतो, माझं वय झालं, मला झेपायची नाही.

माधवी भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "आई, गेली ही पण."

*

सदाशिव पेठेत एक दुरुस्तीवाला आहे. तिथं गेलो. त्यानं लॅपटॉप उघडला नाही, नुसता उलटा करून पाहिला.

"कंपनीनं याचा सपोर्ट कधीच काढून घेतला. याला आता आराम द्या."

मी म्हटलं, "अहो, मी याच्याहून कितीतरी म्हातारी. गेल्या महिन्यात मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवलं. जुन्याच डोक्यात! दिसतंय की चांगलं."

त्यानं माधवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी, तुम्हाला सपोर्ट आहे."

पण माणूस वाईट नव्हता. त्यानं तोड सांगितली. याच कंपनीच्या नव्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह तयार करायचा, त्यातून नवी सिस्टिम यात उतरवायची. "मी करणार नाही. अर्ध्यात बंद पडला तर जुनंही गेलं आणि नवंही. बॅटरी मेलीय, चार्जरची पिन ढिली आहे. तुमचं तुम्ही बघा."

*

तसला नवा लॅपटॉप आख्ख्या सोसायटीत एकच. समोरच्या लेले वहिनींचा. आणि चपलांच्या स्टँडवरून आमची दोन्ही दारं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती.

नितीन म्हणाला, "मी नाही जाणार." माधवी म्हणाली, "मला अपमान सोसणार नाही." मग मीच वाटी घेऊन गेले.

"लेले वहिनी, विरजण द्या थोडं."

"तुमच्याकडे दही संपलं? आश्चर्य आहे!"

"दह्याचं नव्हे हो, लॅपटॉपचं. तुमच्यातलं चमचाभर आमच्यात घातल्याशिवाय आमचं लागायचं नाही." आणि सगळं सांगितलं.

वहिनींनी माधवीला आत बोलावलं. तास-दीड तास त्यांच्या लॅपटॉपवर ते काम चाललं. झालं, आणि तेवढ्यात वहिनींनी देवापाशी दिवा लावला.

"आता सकाळी न्या," म्हणाल्या. "तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर देत नाही मी. हे आपणच शिकवलंत ना, आजी?"

शिकवलं होतं खरं! माधवीला त्यांनी चहा दिला, पोहे दिले, पेनड्राइव्ह दिला नाही!

*

सकाळी सहाला बेल वाजली. वहिनी न्हाऊन, वाटीत पेनड्राइव्ह घालून, वर झाकण ठेवून दारात उभ्या!

काम सुरू झालं. वायर जरा हलली तर सगळं संपलं, म्हणून पिन मी दाबून धरलेली. पडद्यावर पांढरी रेघ गोगलगाईसारखी सरकत होती. नितीनला शिंक आली तर तो नाक धरून बाल्कनीत पळाला.

त्यात गॅसचा सिलिंडर आला. बेलवर बेल. उठायचं कोणी? सिलिंडर परत गेला. अहो, आमच्या घरातून भरलेला सिलिंडर परत गेला, यावरून समजा!

*

साडेनवाला पडदा काळा झाला.

माधवीचा हात तोंडावर गेला. नितीन धावला, "बंद करून चालू करू."

"हात लावशील तर बघ! विरजलेलं भांडं हलवतात का?"

"आई, ते दूध नाहीये!"

"मग तुला तरी काय माहीत आहे ते काय आहे?"

माझ्या बोटांना मुंग्या आल्या. घड्याळाकडे कोणी बघेना. आणि काळ्यातून हळूच नव्या सिस्टिमचा निळा डोंगर वर आला. माधवी रडायलाच लागली.

*

अकरा वाजले. पिन सोडली की लॅपटॉप बंद पडणार, म्हणून मी टेबलाखाली पाट टाकून बसले, वायर धरून. परीक्षा सुरू झाली. पडद्यावरच्या साहेबांचा आवाज आला, "मॅडम, लॅपटॉप फिरवून खोली दाखवा. खोलीत दुसरं कोणी नको."

लॅपटॉप फिरवायचा कसा? माधवीची पावलं मला दिसत होती.

"सर," ती म्हणाली, "टेबलाखाली माझ्या सासूबाई आहेत."

साहेब पडद्याजवळ सरकले. मग, "त्यांना समोर यायला सांगा."

मी वायर न सोडता मान तेवढी वर काढली. "नमस्कार हो. मी तिला काही सांगत नाहीये. मी शाळेतच गेलेली नाही!"

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"आजी, वायर सोडू नका," ते म्हणाले. "मॅडम, पहिला प्रश्न."

पुढच्याच महिन्यात माधवी कामावर रुजू झाली. पहिल्या दिवशी नवी साडी नेसून, देवाला आणि मला नमस्कार करून ती स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत निघाली. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "सांभाळून जा गं. पोचल्यावर सांग!"

दार लागलं. जरा वेळानं आतून हाक आली.

"पोचले, आई!"