नागीण आणि साटिनचं पोलकं

नागीण मला झाली ती कापूस वेचणीच्या ऐन भरात. विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट असावी. मी यवतमाळची, लग्न होऊन पांढरकवड्याजवळच्या खेड्यात आले त्याला फार काळ झाला नव्हता. घरात सासू नव्हती. सासूच्या जागी मोठ्या जाऊबाई होत्या. माझ्या नवऱ्याला लहानपणापासून त्यांनीच वाढवलं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे तोंड उघडायची त्याला सवयच नव्हती.

सुरुवातीला नुसतं दुखायचं. डाव्या बगलेखाली, बरगडीच्या कडेनं, कुणी तापलेली सळई फिरवावी तसं. वर कातडीवर काहीच नाही. वेचलेला कापूस ठेवायला बायका कमरेला लुगड्याची ओटी बांधतात. ती भरली की सगळा भार कमरेवर आणि बरगडीवर येतो. कपाशीचा एक तास, म्हणजे एक ओळ, वेचून काढला नि मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळसाखाली जाऊन बसले.

जाऊबाई तासातूनच म्हणाल्या, "काहून बसली व लहाने?"

"बरगडीत आग होऊन राह्यली, बाई."

"पाहू दे." त्यांनी पदर उचलून पाहिलं आणि सोडून दिला. मग वेचणाऱ्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काहीच नाही. यवतमाळची हाये ना ते. कापूस बाजारात दिसते एवढंच तिले मालूम. तो झाडाले लागते न् तो वेचा लागते, हे इथं येऊनच समजलं तिले. सोंग करते."

बायका हसल्या. मी उठले आणि परत ओटी बांधली. त्या हसण्यातला एकेक आवाज मी ओळखून ठेवला, पण राग धरला तो एकीवरच.

दोन-चार दिवसांनी फोड आले. पाण्यानं भरलेले, मोत्याच्या दाण्यांसारखे, छातीखालून पाठीकडे गेलेल्या पट्ट्यात. गल्लीतली एक म्हातारी आली. "नागीण हाये," म्हणाली आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ओल्या गेरूच्या रेघा ओढल्या, नागिणीनं पुढं सरकू नये म्हणून. मग रोज कुणी ना कुणी यायचं. पदर वर करायचं, तोंड कुठवर आलं, शेपूट कुठवर गेलं ते बघायचं आणि चहा पिऊन जायचं. जाऊबाई दारात उभ्या राहून त्यांना सांगायच्या, "तोंडाले शेपूट भिडलं का मानूस जाते म्हन्तेत. हिच्या माहेरी कोनी नाग मारला असन." दूध नासलं असं सांगावं, तितक्या सहज. सोंगाचा शब्द मात्र त्यांनी मागे घेतला नाही. आता त्यात माहेरच्या पापाची भर पडली, एवढंच.

त्यांचा धाकटा मुलगा अंगावरचा होता. त्याला लागण होईल म्हणून माझं अंथरूण त्यांनी कापसाच्या खोलीत टाकलं. तिथं छतापर्यंत कापूस भरलेला. लोक मऊपणाला कापसाची उपमा देतात; फुटलेल्या फोडांना तो चिकटला म्हणजे काय होतं ते त्यांना माहीत नसतं. हवेतून उडून आलेला एकेक तंतू चिघळलेल्या जागी बसायचा आणि वाळायचा. पाण्यानं भिजवून तो ओढून काढायचा म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी यायची. खोलीची कोंदट ऊब वेगळीच.

नवरा पांढरकवड्याला जाऊन दवाखान्यातून खडूच्या पाण्यासारखं गुलाबी औषध घेऊन आला. डॉक्टर त्याला म्हणाले होते, हा कांजण्यांच्याच जातीचा आजार, नागाशी त्याचा काही संबंध नाही, गेरू लावू नका. हे त्यानं मला हळू आवाजात सांगितलं. जाऊबाईंना नाही सांगितलं.

मग माझं मीच शिकत गेले. त्याचं जुनं धोतर फाडून, धुऊन-धुऊन मलमलीसारखं केलं आणि तेच अंगाला गुंडाळलं. पोलक्याची डावी शिवण उसवून टाकली. उजव्या कुशीवर झोपायचं आणि डावा हात उशीवर उचलून ठेवायचा, म्हणजे बगल उघडी राहते. चालताना हात अंगापासून लांब, पंख मोडलेल्या कोंबडीसारखा. शिंक आली तर नाक दाबायचं. आंघोळीचं पाणी उजव्या खांद्यावरूनच घ्यायचं. आणि पडल्या पडल्या जाऊबाईंचं वाईट चिंतायचं. खोटं कशाला सांगू, गुलाबी औषधानं जेवढं थंड वाटायचं त्याहून जास्त थंड मला त्यानं वाटायचं. त्यांना हेच दुखणं व्हावं, ह्याच बरगडीत व्हावं, आणि मी दारात उभी राहून लोकांना सांगावं. रोज मी त्यात थोडी भर घालायचे.

खपल्या पडल्या त्या दिवशी जाऊबाईंनी ओटीचं लुगडं माझ्यापुढे टाकलं. "झालं ना आता? फोड गेले."

"फोड गेले, पन आग नाही गेली बाई. कपडा लागला तरी जीव जाते."

"दिसत तं नाही काही," म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

त्या हंगामाचा शेवटचा कापूस मी तसाच वेचला. दुखणं शिवरात्रीपर्यंत राहिलं. शेवटच्या वेचणीला बांधलेली ती ओटी मी त्यांना कधीच माफ केली नाही.

वैशाखात जाऊबाईंच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, घाटंजीकडच्या गावात, त्यांच्या माहेरीच. माहेराहून मी हातानं फिरवायचं शिवणयंत्र आणलं होतं, आणि गावात शिवणारी मी एकटीच. जाऊबाई साटिनचं जांभळं कापड घेऊन आल्या. "अंगासरशी शिव. मायच्या अंगनात मिरवाचं हाये मले."

"चांगलं शिवते," मी म्हणाले. आणि खरंच, इतकं चांगलं पोलकं मी आधी कधी शिवलं नव्हतं. गळा बेतशीर, बाह्यांना चुण्या, पाठीवर एक सुरकुती नाही. डाव्या बगलेखालच्या शिवणीत मात्र मी माझ्या आईच्या जुन्या शालूची झिजलेली जर घातली. तुटून तारा-तारा झालेली. वरून मलमलीची पट्टी लावली. घालून पाहिलं तर काही कळू नये. घाम आला, हात हलला, पट्टी भिजली की कळावं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं की मांडवातली पाखरंही गप्प होती. जाऊबाई नवरदेवाची बहीण. करवलीचा मान त्यांचा, धावपळही त्यांचीच. बायकांनी पोलक्याचं कौतुक केलं. मी खांबाला टेकून बसले आणि पाहत राहिले. दुपारपर्यंत त्यांचा डावा कोपर अंगापासून सुटला. मग पंगतीत वाढताना तो हात आणखी लांब गेला. पदराखालून त्यांनी एकदा बगल दाबली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पोट भरून पाहिलं. कितीतरी महिने मी त्याच चेहऱ्याची वाट पाहत होते.

मी उठून जवळ गेले. भोवती चार बायका होत्या. मी विचारलं, "काहो बाई, बरगडीत आग होऊन राह्यली का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या हुशार बाई; एका नजरेत त्यांना सगळं समजलं. त्यांच्या पेटीत आणखी पोलकी होती, घर त्यांच्या आईचं होतं, आत जाऊन बदलायला कितीसा वेळ लागणार होता. मी त्याचीच वाट पाहत होते. त्या आत जाताच बायकांपुढे म्हणायचं वाक्यही मी तयार ठेवलं होतं: सोंग करतेत.

"नाही व," त्या म्हणाल्या, "मस्त बसलं." आणि बुंदीचं ताट उचलून पुढच्या पंगतीत गेल्या.

त्यांनी ते पोलकं दिवसभर काढलं नाही. वरातीतही तेच, दुसऱ्या दिवशी बैलगाडीत परत येतानाही तेच. गाडी दगडावर आदळली की त्यांचे ओठ घट्ट मिटायचे, मग त्या बैलांबद्दल काहीतरी बोलायच्या. माझं तयार वाक्य माझ्याच तोंडात राहिलं.

घरी आल्यावर त्यांनी मला न्हाणीत बोलावलं. पोलकं काढून हात वर केला. बरगडीवर रक्ताळलेला लांब ओरखडा होता, कडेनं सुजलेला.

"पाह्य. इतकंच दुखे का तुले?"

"नाही. याच्याहून लय."

त्यांनी हात खाली घेतला. "मले वाटलं तू सोंग करून राह्यली," म्हणाल्या. माफीचा शब्द त्यांनी काढला नाही, मीही नाही. मी लोटा भरून दिला. त्यांनी पाणी उजव्या खांद्यावरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कात्री घेऊन शिवण उसवली, जर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "तुह्या मायच्या शालूची असन. ठेव."

पण तेवढ्यावर त्या थांबणाऱ्या नव्हत्या. त्यानंतर प्रत्येक सणाला, हळदीकुंकवाला त्या तेच जांभळं पोलकं घालायच्या. कुणी विचारलं की माझ्याकडे बघत सांगायच्या, "आमच्या लहानीनं शिवलं. असा हात कोनाचा नाही. माह्यासाठी लय मन लावून शिवलं तिनं." बायका माझी तारीफ करायच्या, आणि मला मान खाली घालून हसावं लागायचं. साटिन विटलं, कोपरावर विरलं, तरी त्या ते घालतच राहिल्या. मी नवीन शिवून देते म्हणाले तर म्हणाल्या, "कायले? मले हेच आवडते."

आम्ही एका चुलीवर आणखी बरीच वर्षं काढली. गावात जावाजावांच्या प्रेमाची उदाहरणं द्यायची झाली की लोक आमचं नाव घेत.