डालग्याखालचं जनावर

देवळाली प्रवराच्या बाहेर पाटाच्या चारीच्या कडेला आमची वस्ती आहे. घराला लागूनच चुलत दिराचा ऊस. मागच्या हंगामात त्या उसाला तोड आली. टोळीने वावर मोकळं केलं आणि दिराने भर उन्हात पाचट पेटवून दिलं. जाळ चढला तसे उंदीर, साप, मुंगसं वाट फुटेल तिकडे पळत सुटली. बरीचशी आमच्या अंगणातूनच गेली. सासूबाई ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या म्हणाल्या, "आता कोंबड्यांचं काय खरं न्हाई."

कोंबड्या आत्यांच्या. सकाळी खुराडं उघडताना त्या प्रत्येकीशी काहीतरी बोलायच्या. माझ्याशी दिवसभरात तेवढंही बोलणं होत नसे.

पहिली गेली ती लाल तलंग, कोवळी कोंबडी. मी ओट्यावर ज्वारी पाखडत होते, ती शेवग्याखाली माती उकरत होती. बांधाकडून मातकट रंगाचं काहीतरी जमिनीला चिकटून आलं, आणि मला ओरडायचं सुचेपर्यंत तिची मान त्याच्या तोंडात होती. मी हातातलं सूप फेकून मारलं. ते त्याच्या जवळपासही गेलं नाही. पंख फडफडत राहिले, मग तेही उसाच्या खोडक्यांत दिसेनासे झाले. मातीवर ओल्या रक्ताची एक रेघ उरली.

"वाघाचं पिल्लू असंल," दीर म्हणाला. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. "आन पिल्लू हाय म्हंजी आई बी हाय."

त्या भीतीने आम्ही कोंबड्या दिवसाही खुराड्यात कोंडायला लागलो. खुराडं जुनं, मातीच्या भिंतीचं. दाराला जाळी ठोकली, दारापुढे धोंडे लावले. मागची भिंत तळाशी भुसभुशीत झाली होती, ती कुणी पाहिलीच नाही.

तिथूनच ते आत शिरलं. दुपारची वेळ, नवरा फॅक्टरीत ड्युटीवर. मी पीठ मळत होते. खुराड्यातून जो कालवा उठला तो कोंबड्यांचा आहे हे आधी कळलंच नाही, इतका माणसांसारखा होता. मी परातीवरून उठून धावले, तोवर आत्यांनी धोंडे लोटून दार उघडलं होतं. कोंबड्या एकमेकींना तुडवत बाहेर पडल्या. एकीचं पोट फाटलेलं, तरी ती पळत होती. एक दारातच पडली, मानेवर कातडंच नव्हतं. आणि त्यांच्या पाठोपाठ ते जनावर आलं, तोंड लालभडक.

आत्या मागे सरल्या नाहीत. शेजारी कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं डालगं होतं. ते उचलून त्यांनी जनावरावर पालथं घातलं आणि स्वतः त्यावर बसल्या.

डालगं त्यांच्यासकट हललं. आतून गुरगुर, फुत्कार, कामट्या कडाकडा वाजत होत्या. फटीतून एक पंजा बाहेर आला आणि आत्यांच्या पोटरीत रुतला. त्यांनी ओठ दाबून धरले. पाय ओढून घ्यायचा तर डालगं सुटलं असतं.

"धोंडा आन! बघत काय ऱ्हायलीस?"

मी दारापुढचा धोंडा उचलून डालग्याच्या कडेवर ठेवला, मग दुसरा. आरडाओरड ऐकून दीर पहार घेऊन आला, पण खुराड्यापासून लांबच उभा राहिला.

"काकू, उठा! पिल्लू असलं तर आई येईल. फाडून टाकंल सगळ्यांला."

"बघ गं कोन हाय ते," आत्या मला म्हणाल्या.

मी गुडघे टेकून फटीला डोळा लावला. आत दोन पिवळे डोळे, कानांच्या टोकांना काळे केस, शेपटीवर काळी कडी. ठिपके नव्हते. त्याच क्षणी फटीतून नख आलं आणि माझी भुवई चिरली. रक्त डोळ्यात ओघळलं.

"रानमांजर हाय," मी ओरडले. "वाघ न्हाई!"

"मग मार रं," आत्या दिराला म्हणाल्या.

दिराने पहार कामट्यांतून खुपसली. पहिला घाव जमिनीत गेला. दुसऱ्या घावाला आतून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. लहान बाळ किंचाळावं तसा. मला वाटत होतं थांबवावं, आणि मला हेही वाटत होतं की ते मरावं, लवकर मरावं. दीर मारत राहिला. घाव बसेल तसं डालगं उसळत होतं, आत्यांच्या लुगड्यावर शिंतोडे उडत होते. खालची हालचाल पूर्ण थांबेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

डालगं उचललं तेव्हा ते पाहिलं. घरच्या बोक्याहून थोडंच मोठं होतं. दिराने ते बांधाच्या पलीकडे पुरलं. 

आत्यांनी पोटरीला फडकं गुंडाळलं, विळा घेतला आणि ज्या कोंबड्या जगणार नव्हत्या त्या एकेक करून धरल्या. पोट फाटलेली ती गोठ्यामागे सापडली, अजून जिवंत. तिच्या डोक्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला. मग विळा फिरवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात सुई घ्यायला गेलो. "काय चावलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मांजर," आत्या म्हणाल्या.

"दोघींना?"

"व्हय. लई द्वाड हुतं."

डॉक्टरांनी माझ्या भुवईकडे, मग त्यांच्या पोटरीकडे पाहिलं आणि चिठ्ठीवर दोघींच्या सुया लिहिल्या.

नवऱ्याने सुट्टी काढून नवं खुराडं बांधलं. विटांचं, खाली फरशी, दाराला लोखंडी जाळी. पण वाचलेल्या कोंबड्या त्यात जाईनात. दिवस कलला की शेवग्यावर चढून बसायच्या. मी आणि आत्या शिडी लावून त्यांना एकेक करून खाली ओढायचो. त्या चोचींनी हात फोडून काढायच्या, नखांनी मनगटं ओरबाडायच्या. एकदा एकीने माझ्या अंगठ्याचं मांसच काढलं. मी रागाने तिला खाली आपटणार होते.

"टोचू दे," खालून शिडी धरलेल्या आत्या म्हणाल्या. "जित्या हायेत म्हनून टोचत्यात."

मी तिला त्यांच्या हातात दिली आणि वरच्या फांदीकडे हात घातला.