भिंतीवरचे कोच

आमच्या मिस्टरांना बास्केटबॉलमधलं सगळं कळतं, फक्त खेळता येत नाही. उंची पाच फूट तीन इंच, तीही केस वर करून विंचरले असतील तर. नाशिकच्या जेल रोडला आमची पिठाची गिरणी आहे. रस्ता ओलांडला की समोर कॉलेजच्या मैदानाची भिंत. संध्याकाळी त्या भिंतीवर पिठाने पांढरा झालेला एक माणूस बसलेला दिसला की समजायचं, गिरणीवर आता मी एकटी आहे.

हे वेड देवळाली कॅम्पातलं. माझे सासरे कॅम्पात दुधाचे रतीब घालायचे आणि मुलाला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. जवान कोर्टवर खेळत असायचे. सासऱ्यांचं दूध वाटून होईपर्यंत हा मुलगा जाळीला चिकटून उभा. तेव्हा जे चिकटले ते अजून सुटलेले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा मला फिरायला नेलं ते कुठे, तर कॉलेजच्या मॅचला. मी नवी साडी नेसून सिमेंटच्या पायरीवर बसले होते आणि हे पंचाशी भांडत होते.

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की ह्यांचा सण सुरू होतो. खेळाच्या कोट्यातून नवीन मुली येतात आणि हे भिंतीवरून एकेकीची पारख करतात. पावलं कशी टाकते, बुटाचा तळ कुठे झिजलाय, सोबत आई आली असेल तर आई किती उंच आहे. "अहो, तुम्ही खेळाडू बघताय की स्थळं?" असं मी एकदा विचारलं, तर जेवताना माझ्याशी बोलले नाहीत.

मतं तर इतकी की विचारू नका. बाहेरगावाहून तयार खेळाडू आणली की ह्यांचं डोकं फिरतं. "भाड्याचे दागिने! लग्न झालं की परत करायचे." ह्यांच्या मते कॉलेजने कच्ची मुलगी घ्यावी आणि घडवावी. पहिले काही महिने तिला बॉल द्यायचाच नाही, नुसते पाय तयार करायचे. हे सगळं ऐकतं कोण? गिऱ्हाइकं. लोक बिचारे गहू दळायला येतात आणि त्यांना दळणासोबत हे पण न्यावं लागतं. ज्यांनी ऐकायला हवं त्या सायली मॅडम, म्हणजे मुलींच्या कोच, स्वतः विद्यापीठाकडून खेळलेल्या. त्या भिंतीकडे बघून हसतात, "हो काका" म्हणतात आणि आपल्याला करायचं तेच करतात.

हे सगळं गमतीचं होतं, घरातलं माणूस त्यात येईपर्यंत. ते माणूस म्हणजे माझी भाची, निकिता.

माझं माहेर नामपूरचं. धाकटा भाऊ बहिरू तिथल्या कांदा मार्केटात आडत करतो. त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. जेवणं झाल्यावर हे पान खायला म्हणून बाहेर पडले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी शोधायला गेले तर हे शाळेच्या मैदानावर उभे, तोंडातलं पान तसंच. समोर निकिता खो-खो खेळत होती. बारावी झालेली पोर, उंचीने ह्यांच्या डोक्यावरून बघणारी, आणि धावायला लागली की धूळ मागे आणि ती पुढे.

"हिला मला द्या," हे घरी येऊन बहिरूला म्हणाले.

बहिरूने तिच्यासाठी मालेगावला नर्सिंगची चौकशी करून ठेवली होती, ओळखीने सीटही धरली होती. पण निकिताचा चेहरा बघायला हवा होता. बास्केटबॉल तिने मोबाईलवर सोडून कधी पाहिला नव्हता, तरी तिचे डोळे लगेच नाशिकला पोचले. शेवटी ह्यांनी शब्द दिला. नाशिकच्या कॉलेजात घालू, राहील आमच्याकडे. आंतरमहाविद्यालयीन सामने संपेपर्यंत संघात तिचा जम बसला नाही, तर मालेगाव. खेळ बंद.

"दाजी, मंग मी काही ऐकाव नही," बहिरू म्हणाला. तो असा बोलला की खरंच ऐकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तर निकिता आली, आणि पहिल्याच आठवड्यात मैदानावर तमाशा झाला. मॅडमनी तिला सांगितलं, समोरच्या मुलीकडे बॉल आहे, तिला अडव. निकिता सुटली ती अशी की समोरचीने घाबरून बॉल दुसऱ्या बाजूला नेला. कोणतीही मुलगी तिथे थांबली असती आणि मागे वळली असती. निकिता थांबली नाही. सरळ पुढे गेली, बास्केटच्या खांबाला हात लावला, खांबाला वळसा घातला आणि पलीकडून परत आली. तोवर तिकडे बास्केट होऊनही गेला होता.

मैदानावर सगळ्या पोट धरून हसल्या. मीही गिरणीच्या दारातून हसले, पण माझं हसू लगेच थांबलं. कारण मला कळलं होतं तिने काय केलं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, फिरलं की फाऊल. खांबापर्यंत जायचं आणि तिथून वळायचं. नाही तर बसलेल्या गड्याला खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचं. नामपूरच्या शाळेत आम्ही सगळ्या त्यावरच वाढलो. लहानपणापासून अंगात भिनलेलं ते, एका आठवड्यात कुठून जाणार?

मुलींनी तिचं नाव खांब पाडलं. हे मात्र खूश. "मी सांगतो ना, पाय सोन्याचे आहेत. फक्त वळायला शिकवायचं." आणि शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी कॉलेजचा सराव संपला की गिरणीमागच्या बोळात पत्र्याचे रिकामे डबे मांडायचे, आणि ह्यांनी टाळी वाजवली की निकिताने धावता धावता जागच्या जागी मागे फिरायचं. "वळ! अगं वळ!" पुढच्या गल्लीपर्यंत आवाज. पोर वळायची, घसरायची, गुडघे फोडून घ्यायची, परत उभी राहायची.

तिकडे मॅडम सकाळीही सराव घ्यायच्या, पण तेव्हा गिरणीवर गर्दी म्हणून हे भिंतीवर नसायचे. सामन्यांत मात्र त्यांनी तिला बाकावर बसवलं. दुसऱ्या कॉलेजांशी मैत्रीचे सामने झाले, निकिता बाकावर. तिच्या जागी कोण, तर पुण्याकडून आणलेली तेजल. सहा फुटी, तयार, ह्यांच्या भाषेत भाड्याचा दागिना. ह्यांचा पारा असा चढला की ते भिंतीवरून उतरून थेट मॅडमना विचारायला गेले. परत आले ते लालबुंद.

"म्हणे तिला वेळ द्या. आणि म्हणे घरी काही शिकवू नका! माझ्या बोळात मी काय करायचं ते आता ही ठरवणार?"

"अहो, त्या कोच आहेत," मी म्हटलं.

"बाकावर बसवून कधी खेळाडू घडतो का? तू सांग." मी काय सांगणार? माझ्यासमोर कुणाची तरी ज्वारी पडली होती. दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा मांडले गेले.

दिवस जात राहिले आणि निकिताचं बोलणं कमी होत गेलं. पहिल्यासारखी ती धावतही नव्हती. धावता धावता मध्येच अडखळायची, आता वळू की नको असं तिच्या पायांनाच कळत नसावं. एकदा पोळ्या लाटता लाटता तिने मला विचारलं, "आत्या, मला खरंच जमत नाहीये का गं?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. नर्सिंग काही वाईट नाही, असंही सांगावंसं वाटलं. पण ती ज्या तोंडाने विचारत होती, त्या तोंडाला हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "जमेल." आणि मनातून नवऱ्याचा भयंकर राग आला. आपल्या मतांपायी दुसऱ्याची लेक आणायची आणि तिचं असं करून ठेवायचं! त्या संध्याकाळी ह्यांच्या ताटात मी भाजी जराशी आपटूनच वाढली.

सामने सिन्नरला होते. बहिरूचा फोन आला, तो नामपूरहून गाडी घेऊन थेट सिन्नरलाच येतो, आणि पोरीचं झालं नाही तर तिला तिथूनच घेऊन जातो. "ताई, उगा नाशिकला परत काय यायचं?" म्हणाला. ह्यांनी ते ऐकलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना बास्केटबॉलबद्दल गप्प बसलेलं पाहिलं. सिन्नरच्या एसटीत सबंध वाट खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "मी चुकलो असेन तर?"

उपांत्य सामना. बहिरू पांढरी टोपी घालून माझ्या शेजारी बसला. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याचं लक्ष फक्त बाकावर. आणि निकिता बाकावरच होती. पहिला क्वार्टर गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. समोरच्या संघात एक बुटकी, चपळ मुलगी होती. बॉल हातात आला की सगळ्यांच्या मधून पाण्यासारखी निघून जायची. आपला संघ मागे पडत चालला होता. बहिरूने एकदा घड्याळ बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. हे आमच्या पुढच्या पायरीवर डोकं धरून बसले होते.

चौथ्या क्वार्टरला सायली मॅडम उठल्या आणि निकिताच्या पाठीवर थाप मारली.

निकिता आत गेली आणि थेट त्या बुटकीच्या अंगावर सुटली. मागेपुढे बघणं नाही, अडखळणं नाही, नामपूरच्या मैदानावर धावायची तशीच. बुटकीने झटक्यात बॉल दुसऱ्या बाजूला वळवला. निकिता वळली नाही. तिच्या बाजूने सरळ पुढे निघून गेली.

"गेली!" ह्यांनी डोळ्यांवर हात घेतले. "संपलं! इतकं शिकवलं आणि परत तेच!"

पण बुटकी जिकडे वळली तिकडे तेजल आधीच येऊन उभी होती. बॉल आयता तिच्या हातात पडला. तेजल पळाली, बास्केट.

पुन्हा तेच. निकिता सुटली, ओरडली, पुढे गेली, बुटकी वळली आणि मागून दुसरीच मुलगी तयार. ह्यांना अजून काही कळलेलं नव्हतं, पंचाने काहीतरी चुकीचं दिलं असं वाटून ते पंचाकडे बघत होते. मला मात्र कळलं आणि मी उभीच राहिले.

"अहो, ती खो देतेय! ओरडते तेव्हा मागच्या मुलीला खो देतेय!"

माझा आवाज सगळ्या मैदानाने ऐकला. निकिताने वळायचंच नव्हतं. तिने एका बाजूने असं धावायचं की समोरचीला दुसऱ्या बाजूला वळावंच लागेल, आणि तिथे आपली मुलगी उभी. मॅडमनी तिचे पाय बदलले नव्हते, बाकीच्या चौघींना त्या पायांच्या मागे उभं राहायला शिकवलं होतं. बुटकी चक्रावून गेली. शेवटी शेवटी तर निकिता येताना दिसली की ती बॉल टाकूनच द्यायची.

आपण जिंकलो. जेमतेम, पण जिंकलो. तेजलने निकिताला उचलून घेतलं, आणि ह्यांना तेजलसाठी टाळ्या वाजवताना मी स्वतः पाहिलं.

हे मैदानात उतरले ते मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडावेत की भांडावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "मग इतके महिने बाकावर का बसवलं तिला?"

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "काका, तुम्ही रोज संध्याकाळी तिला वळायला शिकवत होतात. मी रोज सकाळी ते विसरायला शिकवत होते. तुम्ही नसतात तर ती दिवाळीआधीच खेळली असती."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता हे चिडणार, वाद घालणार, असं वाटलं. तर हे हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे पोरीत काही कमी नव्हतं! कमी माझ्यात होतं!" असं दोन-तीनदा म्हणाले, येणाऱ्याजाणाऱ्यालाही सांगितलं. स्वतःची चूक निघाल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिलेला नाही. माझा सगळा राग तिथेच गळून गेला. भावाने आमच्या घरी सोपवलेली लेक आम्ही बिघडवली नव्हती, ती शाबूत होती.

पण बहिरू अजून बोलला नव्हता. मॅडमनी त्याला सांगितलं की अंतिम सामन्यासाठी निकिताचं नाव पक्कं आहे. हे तर त्याला मिठी मारायलाच निघाले होते. बहिरूने हात वर करून ह्यांना थांबवलं. टोपी काढली, घाम पुसला, आणि पोरीकडे वळला.

"दाजीनं सांगं, मॅडमनं सांगं, मी बी सांगं. तुले काय करनं शे?"

खरंच, तुला काय करायचंय हा प्रश्न तिला आजवर आमच्यापैकी कुणी विचारलाच नव्हता. डोळ्यांत दिसतं म्हणून धरून चाललो होतो, इतकंच.

निकिताला धाप लागलेलीच होती. तिने बापाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे; ह्यांना ती मामा म्हणते.

"मला राहायचंय. नाशिकला, ह्याच संघात." मग जरा थांबून म्हणाली, "पण मामांनी भिंतीवरून ओरडायचं नाही. बोळातले डबे पण उचलायचे. मॅडम सांगतील तेवढंच मी करणार."

ह्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. "बरं," म्हणाले. "बसेन, पण गप्प बसेन."

"मंग राय," बहिरू म्हणाला आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी सिन्नरच्या भर मैदानात, सगळ्यांसमोर, रडत रडत हसत सुटले, आणि निकिता मला घट्ट धरून म्हणत राहिली, "आत्या, जमलं गं मला. जमलं."