वाटीतलं पाणी

इतवारीत, सराफ्यातल्या एका जिन्याखाली बसून तो अंगठ्यांत खडे बसवायचा. दीक्षा घेतलेल्या घरातला. डोक्यावर बुद्धाची तसबीर, पुढ्यात भिंग आणि लाखेचा गोळा. पण खडा पारखायचा तो आधी जिभेनं. टोकाला लावून डोळे मिटायचा. "काच लवकर गरम होते, मास्तर. खरा खडा थंडच राहते," म्हणायचा. त्याला चुकलेलं मी पाहिलं नाही.

आईच्या अंगठीतला पुष्कराज हलायला लागला, तेव्हा मी ती त्याच्याकडे नेली. त्यानं खडा जिभेला लावून पाहिला आणि घट्ट बसवून दिला. आईचं सोवळं कडक, म्हणून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळावर मी अंगठी घासूनघासून धुतली. आईसाठी धुतो आहे, असं निदान स्वतःला तरी सांगितलं. वळलो तर चहाचा ग्लास विसळायला आलेला तो मागे उभा होता. मी बाजूला होईपर्यंत थांबला.

वर्षभरानं बायकोची अंगठी घेऊन गेलो. सवयीनं त्यानं खडा ओठांपर्यंत नेला, थबकला आणि भिंग उचललं. काम झाल्यावर अंगठी माझ्या हातात न देता त्यानं पाण्याच्या वाटीत सोडली आणि वाटी पुढे सरकवली.

"इथंच धुऊन घ्या, मास्तर. नळावर हातातून सुटली तं नालीत जाईन."

आवाजात राग नव्हता; अंगठीची काळजी होती. राहू द्या, धुवायची गरज नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

मी वाटीत बोटं घातली आणि अंगठी धुतली.