चेकरमामा आणि मनगटावरचा आकडा

देवळातला पेढासुद्धा माझे सासरे आधी हुंगत, मग तोंडात टाकत. संगमनेरजवळच्या आमच्या गावी दूध संस्थेत तीस वर्षं ते फॅट तपासायला होते. गाव त्यांना चेकर म्हणे, मी मामा म्हणायची. कॅन ढवळल्याशिवाय त्यांनी कधी नमुना घेतला नाही. "न ढवळता घेतलेला नमुना खोटा. वर साय, खाली पानी," असं ते माणसांबद्दलही म्हणत.

माझ्या नवऱ्याने त्यांना मनगटावर बांधायचा, नाडी दाखवणारा पट्टा आणला. मी समजावलं, "मामा, सकाळी जाग आली की उठायच्या आत आकडा बघायचा. ती विश्रांतीची नाडी." मामांनी आधी अंगणात चार फेऱ्या मारल्या, हात झटकला आणि मग पाहिलं. शंभराच्या वर! "लबाड हाय हे." ह्यात ढवळायचं नसतं, हे सांगून माझं तोंड दुखलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा दुधी भोपळ्याला बांधला. बहात्तर! "बघ, भोपळ्याला नाडी हाय!" आठवडाभर दारात येणाऱ्या प्रत्येकाला हेच ऐकवलं. माझी चांगलीच फजिती झाली. तरी पट्टा त्यांनी काढला नाही. चोराला नजरेआड कसं करायचं? फक्त आता पडल्या पडल्या आकडा बघत आणि मला ओरडून सांगत. बासष्ट. त्रेसष्ट. बासष्ट.

मग पंधरवड्यात तो चढत गेला. अडुसष्ट, चौऱ्याहत्तर, ऐंशी. ताप नाही, खोकला नाही. मी म्हटलं, "ऐंशी दुसऱ्याला चालत असतील, तुमचे बासष्ट असतात. डॉक्टरकडे जाऊ."

"मशिनच्या नादी लागून? भोपळ्याला इचार."

मला रागच आला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी त्यांचं मनगट धरलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. एक्क्याऐंशी. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी घातली.

तपासणीत कळलं, गुडघेदुखीसाठी ते आमच्या नकळत गोळ्या खात होते. त्या गोळ्यांनी पोटात आतल्या आत रक्त जात होतं, म्हणून नाडी चढत होती. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. साऱ्या जगावर संशय घेतला, फक्त त्या गोळ्यांवर घेतला नव्हता.

परतताना गाडीत मामा हळूच म्हणाले, "पोरी, आकडा खरा हाय ते मला तो चढाय लागल्यावर चौथ्याच दिशी कळलं हुतं. मीबी मनगटावर बोटं ठिवून मोजत हुतो. लई भ्या वाटलं. मशिन खोटं हाय म्हनलं की जरा बरं वाटायचं."

गेल्या वर्षी मामा गेले. त्यांच्या संशयाचे किस्से गाव अजून सांगतं आणि हसतं. मीही हसते. ते घाबरायचे, हे मात्र मी कुणाला सांगत नाही.