समोरच्या टीमचा पास्ता

एकदाही मांडी न थोपटता मी कबड्डीचा एक सामना जिंकून दिलेला आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पंचांसमोर तशी रीतसर चौकशी झालेली आहे.

आम्ही वरठीला राहतो. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला आणि माझी बायको सुजाता आमच्या बुद्धविहारातल्या महिला मंडळाच्या कबड्डी टीमची कॅप्टन. टीममधल्या बहुतेक बाया चाळिशीच्या आसपासच्या. एकीला नातू आहे, दुसरीचा गुडघा दुखतो, तिसरी धरपकडीत कुणाला धरलं की आधी तब्येत विचारते. संध्याकाळी विहाराच्या अंगणात त्यांची प्रॅक्टिस चाले. अडचण अशी की त्याच अंगणावर आमच्या गल्लीतल्या पोरांचा डोळा होता. त्यांना तिथे व्हॉलीबॉलची जाळी बांधायची होती. शेवटी विहारातल्या बुजुर्गांनी निवाडा केला: यंदाच्या स्पर्धेत बायांनी एक तरी सामना जिंकला तर अंगण त्यांचं, नाहीतर जाळी.

आदल्या वर्षी आमची टीम पहिल्याच सामन्यात बाहेर पडली होती, आणि तीही चहा व्हायच्या आत. म्हणून पोरांनी जाळी आणूनच ठेवली होती.

सुजाता हे फार मनावर घेऊन बसली. रात्री झोपेतही ती माझा घोटा धरायची. आपणही काहीतरी केलं पाहिजे असं मला वाटू लागलं, आणि माझ्या दुर्दैवानं त्याच आठवड्यात मोबाईलवर एक गोड आवाजाची बाई भेटली. ती सांगत होती, 'मॅचच्या दिवशी घर माणसांनी भरलं की प्रेशर कुकरमधला भरपेट पास्ता करा. एक भांडं, एक शिट्टी, आणि ताकदच ताकद.'

"सामन्याच्या दिवशी तुमच्या टीमचं जेवण माह्याकडे," मी जाहीर केलं.

"तुमी चहाबी उतू घालता," सुजाता म्हणाली.

"चहा वेगळा, पास्ता वेगळा."

"वेगळा म्हंजे काय? तो कमी उतू जाते?"

पण टीममधल्या बायांनी ही बातमी उचलून धरली. कुणाचा तरी नवरा स्वयंपाक करून राहिला, हेच त्यांना अर्धा सामना जिंकल्यासारखं वाटलं. सुजाताचा नाइलाज झाला.

सामना रविवारी दुपारी. मी भंडाऱ्याहून नळीनळीचा पास्ता आणला आणि विहारातला मोठा कुकर मागून घेतला (जयंतीला वरण ज्यात शिजतं तो, त्यात एखादं पोरगं उभं राहू शकतं). सुजाता सकाळीच मैदानावर गेली. घरात मी आणि माझी माय. माय मूळची बपेऱ्याची. तिचं लग्न होऊन जमाना झाला, पण जगातली प्रत्येक वस्तू ती अजून बपेऱ्याच्या मापानं मोजते.

"ह्या पुंगळ्या कायच्या होत?" तिनं पिशवीत हात घालून विचारलं.

"पास्ता, माय. गव्हाचाच असते."

"मंग पोळ्या का वाईट होत्या?"

मी तोवर हिशोबात शिरलो होतो. मोबाईलवरच्या बाईनं चार माणसांसाठी एक शिट्टी सांगितली होती. खेळाडू, राखीव खेळाडू, त्यांची पोरं आणि टाळ्या वाजवायला आणलेले नवरे धरून आमची माणसं होती चाळीस. म्हणजे दहा पट पास्ता, दहा पट टोमॅटो, दहा पट मीठ आणि अर्थातच दहा शिट्ट्या. स्टोअरमध्ये माझं आयुष्य हिशोबात गेलं आहे. या हिशोबात मला आजही चूक दिसत नाही.

जेवण भरपेट व्हावं म्हणून मी त्यात बटाटे, सोयाबीन वडी आणि भिजवलेले चणेही घातले. झाकण लावलं. पहिल्या तीन शिट्ट्या अशा झाल्या की शेजारच्या काकूंनी गाडी आली समजून रेल्वे फाटकाकडे पाहिलं. चौथी शिट्टी अर्धीच झाली. पाचवी झालीच नाही.

"बापू, शिट्टी काहून नाही होऊन राहिली?" माय म्हणाली.

"होईल. दहा व्हायच्या हायेत."

"आतून गुरगुरून राहिला तो."

"शिजून राहिला, माय."

"शिजनारं असं नाही गुरगुरत. आपल्या बपेऱ्याले अस्वल आलं होतं, ते असं गुरगुरे."

थोड्या वेळानं करपल्याचा वास आला तेव्हा मी गॅस बंद केला. कुकर गार होईपर्यंत आम्ही दोघं अंगणात उभे होतो. मग मी एका हातात पोळपाट ढालीसारखा धरून झाकण उघडलं. काही उडालं नाही. उडायला आत काही सुटं उरलंच नव्हतं. नळ्या गेल्या, बटाटे गेले, चणे गेले. सगळ्यांचा मिळून एकच लालसर देह झाला होता. मी त्यात पळी घातली, तर पळी उभी राहिली.

मायनं एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला.

"चव बरी हाय," ती म्हणाली. "पन एकाच घासात जीव जड झाला."

"त्यालेच ताकद म्हनतात," मी म्हणालो.

मोटरसायकलवर मागे माय बसली आणि तिच्या मांडीवर कुकर. लहानपणी मलाही तिनं कधी इतकं घट्ट धरलं नसेल. फाटक बंद होतं. एक मालगाडी गेली, मग उलट्या दिशेनं दुसरी गेली, आणि आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मी मायला मंडपापाशी उतरवलं.

"मी प्लेटा घेऊन येतो. तू तोवर टीमले वाढायची तयारी कर."

"कोनती टीम?"

"निळ्या ड्रेसवाली."

एवढं बोलून मी गेलो. निळा रंग आमच्या मंडळाला जितका जवळचा, तितकाच समोरच्याही मंडळाला असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि समोरची टीम कुठली, हेही मी कुणाला विचारलं नव्हतं.

प्लेटा आणून मायच्या हाती दिल्या, तेवढ्यात गाडी बाजूला लावायला कुणीतरी ओरडलं. गाडी लावून परत आलो तर सुजाता समोर.

"पास्ता कुठं हाय? बाया उपाशी हायेत."

"मायजवळ दिला."

"माय कुठं हाय?"

आम्ही दोघांनी मंडपाच्या पलीकडे पाहिलं. तिथे निळ्या टी-शर्टातल्या दहा-बारा धडधाकट पोरी गोल करून बसल्या होत्या आणि मधोमध माझी माय विळ्यानं पास्त्याचे चौकोन कापून वाढत होती. (विळा तिनं कुठून मिळवला, ते मला आजही माहीत नाही.)

मी धावत गेलो. "माय, कोनाले वाढून राहिली तू?"

"टीमले. तूच तं सांगतलं, निळ्या ड्रेसवाल्या."

"आपल्या टीमले सांगतलं होतं."

"ह्या आपल्याच होत. बपेऱ्याच्या. हे तुह्या मामाची मीना, कॅप्टन हाय." माझी मामेबहीण मीना तोंड भरलेलं असल्यामुळे नुसती हात हलवत होती. "रस्त्यात जीप बंद पडली त्याहिची. सकाळपासून पोरींच्या पोटात अन्न नाही. माह्या डोळ्यांदेखत माह्या माहेरच्या पोरी उपाशी खेळतील का?"

"जयभीम दादा," मीना घास गिळून म्हणाली. "मस्त झाला. अजून हाय का?"

नव्हता. चाळीस जणांचं जेवण त्या दहा-बारा जणींनीच संपवलं होतं; तळाशी करपलेला एक थर तेवढा उरला होता. पोरी वर तांबेच्या तांबे पाणी प्यायल्या, कारण मीठही मी दहा पट घातलं होतं.

आमच्या टीमनं दोन डझन केळी आणि पोरांच्या डब्यातला चिवडा वाटून खाल्ला. सुजाता माझ्याकडे पाहून फक्त एवढंच म्हणाली, "घरी बोलू."

एका टीमला निळ्यावर पांढरी ओढणी बांधायला लावून पंचांनी सामना सुरू केला. पंच अंगानं भारदस्त, गळ्यात शिट्टी. (शिट्टीशी माझं त्या दिवशी जमतच नव्हतं.) पहिली काही मिनिटं बपेऱ्याच्या पोरींनी आमच्या बायांना अक्षरशः झाडून काढलं. आमच्या चार जणी बाहेर गेल्या. मैदानाच्या कडेला आमच्या पोरांनी जाळी कुठल्या खांबाला बांधायची, याची चर्चाही सुरू केली. माझ्या पोटात गोळा आला.

पण गोळा फक्त माझ्याच पोटात आला नव्हता.

मी खेळाचा जाणकार नाही, पण स्टोअरमधल्या सिमेंटची मला माहिती आहे. सिमेंट पाणी पितं, फुगतं आणि मग बसतं. मीना चढाईला आली. 'कबड्डी, कबड्डी' करत निम्म्या मैदानापर्यंत आली आणि अचानक थांबली. तोंडातून 'कब' निघालं आणि पुढे 'ड्डी'च्या जागी उचकी आली. दम तुटला. बाद. दुसरी पोरगी आली, ती रेषेपर्यंत येऊन विचारात पडल्यासारखी उभी राहिली. तिकडून आमची गुडघेदुखीवाली चढाईला गेली, तर तिला धरायला खाली वाकलेल्या तिघी परत वर आल्याच नाहीत. तिथेच बसून एक म्हणाली, "बाई, तुमी जा."

आमच्या बाया मात्र उपाशी होत्या आणि माझ्यावर चिडलेल्या होत्या. माझ्या वाटणीचा सगळा राग त्यांनी त्या मैदानावर काढला. सुजातानं एका चढाईत तिघींना शिवलं. त्यातल्या दोघींनी तर शिवावं म्हणून हातच पुढे केले होते. सामना आम्ही जिंकला.

ढोल वाजायला लागला तेवढ्यात बपेऱ्याच्या टीमचे मास्तर पंचांकडे गेले. मास्तर त्यांचे मॅनेजर. साधा सज्जन माणूस, पण पुरावा म्हणून त्यांनी आमचा कुकरही ओढत आणला होता.

"आमच्या पोरींले जेवनातून काहीतरी दिलं. ह्या कॅप्टनच्या नवऱ्यानं सोता बनवलं आन् ह्याच्या मायनं सोता वाढलं. मले निकाल मान्य नाही."

ढोल थांबला. सगळं मैदान माझ्याकडे पाहायला लागलं. निकाल रद्द झाला तर अंगण गेलं, आणि वर जन्मभर मी पोरींना काहीतरी चारणारा माणूस. मी एवढंच म्हणालो, "मी पास्ता केला होता."

"असा असते का पास्ता?" मास्तरांनी कुकर तिरका करून पंचांना दाखवला.

तेव्हा सुजाता पुढे आली. घामानं डबडबलेली, एका कोपरावर खरचटलेलं.

"मास्तर, तुमचा राग बरोबर हाय," ती म्हणाली. "पन माह्या नवऱ्यानं हे मुद्दाम केलं अस्तं, तं जमलंच नस्तं."

माझ्या बाजूनं कुणी दिलेली ही सर्वांत भक्कम साक्ष. आमच्या गल्लीतल्या चार-पाच जणांनी माना डोलावून तिला दुजोराही दिला.

पंचांनी विचार केला आणि निवाडा दिला: उरलेला पास्ता बनवणाऱ्यानं सर्वांसमोर खावा आणि मग चढाई करून दाखवावी. मायनं तळाचा थर विळ्यानं खरवडून माझ्यासमोर ठेवला. मी मैदानाच्या मधोमध बसून खाल्ला. शेजारी मास्तर उभे राहून घास मोजत होते. निम्म्यावर आलो तेव्हा सुजाता येऊन बाजूला बसली आणि माझ्या प्लेटमधला एक तुकडा उचलून चावायला लागली. सकाळपासून बिचारीनं दीड केळं खाल्लं होतं.

"करपला हाय," ती हळूच म्हणाली. "पन बरा झाला होता."

मग मला उभं करण्यात आलं. (दोघांनी केलं.) मी दंड थोपटले, दम घेतला, रेषा ओलांडली. 'क' म्हणालो. पुढची अक्षरं आली नाहीत. मी होतो तिथे हळूच खाली बसलो आणि मला तिथे फार बरं वाटलं.

मास्तर वाकून माझ्या डोळ्यांत पाहत राहिले. मग उठून पंचांना म्हणाले, "औषध-बिषध काही नाही, साहेब. ह्या मानसाचं अन्नच असं हाय."

निकाल कायम राहिला. मीनानं जाताना मायच्या पाया पडून माझ्याकडे रेसिपी मागितली; ती मी दिली नाही, नात्यात असलं काही नको. विहाराचं अंगण बायांना मिळालं. पुढच्या सामन्यात त्या हरल्या, पण मिळालेलं अंगण कुणी परत घेतलं नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या आधी एका संध्याकाळी मोहाडीकडच्या एका टीमचे मॅनेजर आमच्या दारात आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग खुर्ची जवळ ओढली.

"भाऊ, यंदा पास्ता कराल का? आमच्यासाठी नाही. समोरच्या टीमसाठी."

त्यानंतर आणखी दोघं तेच विचारून गेले. सुजाता दारामागं तोंडाला पदर लावून हसत होती. मला राग यायला हवा होता. पण माझ्या हातच्या जेवणासाठी आजवर कुणी घरी चालत आलं नव्हतं. मी घसा साफ केला आणि विचारलं, "किती जनी हायेत?"